बाणांचं चित्र छापलंत, पण नट आवळायचे राहिले

संपादक महोदय,
सप्रेम नमस्कार.

आपल्या पुरवणीत गाडीचे टायर घरच्या घरी कसे रोटेट करायचे, म्हणजे चाकांच्या जागा आपसात कशा बदलायच्या, यावर लेख आला होता आणि त्यावर वाचकांची पत्रंही आली, एकाने लिहिलं की हे काम मेकॅनिकचं, उगाच हात काळे करू नयेत, दुसऱ्याने लिहिलं की रेडियल टायरची (हल्ली बहुतेक गाड्यांना तेच असतात) बाजू कधी बदलायचीच नसते. मी हे काम बऱ्याच वर्षांपासून घरीच करतो त्यामुळे मी लेखाच्या बाजूने आहे, पण माझी तक्रार वेगळी आहे. लेखात कुठला टायर कुठे जातो याचं बाणांचं चित्र पाव पान भरून छापलंय आणि गाडी कशावर उभी आहे आणि नट किती आवळलेत, म्हणजे ज्या दोन गोष्टींवर माणसाचा जीव टांगलेला असतो, त्यांना प्रत्येकी एक ओळ. "गाडी जॅकवर घ्या" आणि "नट घट्ट करा". झालं. पत्र लांबणार आहे, कापायला लागलं तर दुसरीकडे कुठेही कापा, नटांचं तेवढं कापू नका.

आधी त्या रेडियलचं मिटवून टाकू. रेडियल टायर नवीन आले होते तेव्हा खरंच असं सांगत होते की एका बाजूला फिरलेला टायर दुसऱ्या बाजूला उलटा फिरवू नका, आतल्या पट्ट्यांना त्रास होतो. आता तसं राहिलेलं नाही, आजच्या बहुतेक गाड्यांच्या मॅन्युअलमध्येच आडवी अदलाबदल (डावीकडचा उजवीकडे, उजवीकडचा डावीकडे) दाखवलेली असते. पण ज्या टायरच्या साइडवॉलवर (बाजूच्या भिंतीवर) बाण आणि रोटेशन असं लिहिलेलं असतं तो एकाच दिशेने फिरायला बनवलेला असतो, त्याच्या खाचा पाणी बाहेर फेकतात त्या एकाच दिशेने, तो उलटा लावला तर कोरड्या रस्त्यावर काही कळणार नाही पण पावसात पकड कमी होते. तो रिमवरून काढून परत चढवल्याशिवाय बाजू बदलता येत नाही म्हणजे त्याचं फक्त पुढचं मागे आणि मागचं पुढे. आउटसाइड-इनसाइड लिहिलेले टायर मात्र बाजू बदलू शकतात, फक्त लिहिलेली बाजू बाहेर राहिली पाहिजे, ती रिमबरोबर तशीच राहतेच. आणि पुढचे मागचे टायर वेगवेगळ्या मापाचे असतील (काही स्पोर्टी गाड्यांना मागे रुंद असतात) तर पुढे-मागे करायचा विषयच संपला. ही माहिती त्या बाणांच्या चित्राखाली एका चौकटीत सहज बसली असती.

चित्राबद्दल अजून एक. छापलेली पद्धत पुढच्या चाकांना इंजिनची ताकद असलेल्या गाडीची आहे, म्हणजे पुढचे सरळ मागे आणि मागचे आडवे होऊन पुढे. बरोबरच आहे ते, अशा गाडीत पुढचे टायर ओढतात पण, वळतात पण आणि ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढे येतं ते झेलतात पण, म्हणून ते मागच्यांपेक्षा बरेच लवकर घासतात. मागच्या चाकांना ताकद असेल किंवा चारही चाकांना असेल तर उलटं, मागचे सरळ पुढे आणि पुढचे आडवे मागे. हे लेखात नव्हतं आणि वाचक काय, चित्र बघून तसंच करणार.

आता घरी करताना सगळ्यात मोठी अडचण म्हणजे जॅक एक आणि चाकं चार. लोक इथेच अडकतात आणि मग दोन जॅक मागून आणा, विटा लावा असले उद्योग सुरू होतात. खरं तर स्टेपनी असेल तर एका वेळी एकच चाक निघेल असं सगळं बसवता येतं. पुढचं डावं चाक काढा आणि तिथे स्टेपनी लावून गाडी खाली घ्या. ते काढलेलं चाक मागच्या डाव्या जागी लावा, तिथून निघालेलं पुढे उजवीकडे, तिथलं सरळ मागे उजवीकडे, आणि मागचं उजवं निघालं ते पुढे डावीकडे स्टेपनी काढून. गाडी पाच वेळा उचलावी लागते, एक कोपरा दोनदा, पण गाडी कायम तीन चाकांवर जमिनीला टेकलेली राहते आणि गोंधळ होत नाही. खडूने प्रत्येक टायरवर आधी कुठला होता ते लिहून ठेवा, हे सांगायला किरकोळ वाटतं पण तिसऱ्या चाकाला हातातला टायर कुठला हेच आठवत नाही. स्टेपनी बारीकवाली असली तरी चालते कारण ती उभ्या गाडीला टेकू म्हणून वापरतोय, तिच्यावर गाडी चालवायची नाहीये. स्टेपनी पूर्ण मापाची आणि त्याच बनावटीची असेल तर तिला पाचवा टायर म्हणून फिरवण्यातच घ्यावं, नाहीतर ती डिक्कीत पडून पडून म्हातारी होते, नक्षी नवीन आणि रबर जुनं. साइडवॉलवर चार आकडी तारीख असते बघा, २३१९ म्हणजे २०१९ सालचा २३ वा आठवडा.

आता मुख्य. लेखाबरोबरच्या फोटोत एक माणूस डिक्कीतल्या जॅकवर गाडी उचलून चाकामागे खांद्यापर्यंत हात घालून बसलाय. असला फोटो छापू नये हो. डिक्कीतला जॅक रस्त्यावर एक चाक बदलण्यापुरता असतो, त्याचा पाया तळहाताएवढा, गाडी जरा बाजूला सरकली की तो आडवा होतो. चाक काढलेलं असताना गाडी जॅकवर नाही, जॅक स्टँडवर (गाडी टेकवून ठेवायच्या पक्क्या घोडीवर) टेकलेली पाहिजे, आणि स्टँड नसेल तर निदान काढलेलं चाक लगेच दाराखालच्या पट्टीखाली आडवं सरकवून ठेवा, जॅक सटकला तरी गाडी चाकावर बसेल, ब्रेकच्या डिस्कवर किंवा तुमच्या हातावर नाही. अंगाचा कुठलाही भाग गाडीखाली नको, हे स्टँड असलं तरी. जॅक लावायची जागा मॅन्युअलमध्ये दाखवलेली असते, बहुतेक गाड्यांना दाराखालच्या कडेला दोन खाचा असतात त्यांच्या मधे, भलतीकडे लावला तर पत्रा आत जातो. जमीन सपाट आणि कडक हवी, डांबर उन्हात मऊ होतं आणि जॅक रुततो, तेव्हा खाली जाड फळी घ्यायची.

आणि ही गिअरची गोष्ट तर फारच कमी लोकांना माहीत असते म्हणून जरा सविस्तर लिहितो. सगळे म्हणतात गाडी गिअरमध्ये टाकली, हँडब्रेक ओढला, आता कुठे जाते. पण गिअर धरून ठेवतो तो ताकद असलेल्या दोन चाकांना डिफरन्शियलमधून (ताकद दोन चाकांत वाटणाऱ्या गिअरमधून), त्यातलं एक चाक हवेत गेलं की ते मोकळं फिरू शकतं आणि मग दुसरं पण घरंगळू शकतं, म्हणजे पुढच्या ताकदीच्या गाडीत पुढचं चाक उचललं त्या क्षणी गिअरचा आधार जवळजवळ संपला. ऑटोमॅटिकच्या पार्किंगचं पण तेच. हँडब्रेक बहुतेक गाड्यांत मागच्या चाकांना असतो, तेव्हा मागचं एक चाक उचललं की त्याचा निम्मा आधार गेला. म्हणून जे चाक उचलताय त्याच्या तिरक्या समोरच्या चाकाला पुढून आणि मागून दोन्हीकडून ठोकळे लावायचेच, गिअर आणि हँडब्रेक असले तरी.

आता नट. नट गाडी जमिनीवर असतानाच थोडे ढिले करायचे, अर्धा फेरा बास, कारण चाक हवेत असताना जोर लावला तर चाक फिरतं आणि जोरात हिसका दिला तर गाडी जॅकवरून हलते. ढिलं करायला पान्याला लांब पाईप लावा, पायाने दाबा, काही हरकत नाही. पण तोच पाईप आवळताना वापरायचा नाही, आणि पान्यावर उभं राहून तर अजिबात नाही. याचं कारण हिशोबाने सांगतो. लहान-मध्यम गाडीच्या नटाला साधारण ८० ते १३० न्यूटन मीटर टॉर्क (पिळायचा जोर) लागतो, नेमका आकडा मॅन्युअलमध्ये असतो. १०० धरा. पाना २५ सेंटीमीटर लांब असेल तर त्याच्या टोकाला साधारण ४० किलोचा जोर हवा. ७० किलोचा माणूस त्याच पान्यावर उभा राहिला की झाले १७० न्यूटन मीटर. आणि ६० सेंटीमीटरचा पाईप लावून ४० किलोचाच जोर दिला तरी २४० च्या आसपास जातं. म्हणजे मापाच्या पावणेदोन ते जवळजवळ अडीचपट, आणि माणसाला वाटतं की आपण फार काळजीपूर्वक घट्ट केलं.

बरं घट्ट केलं तर बिघडलं काय, असं विचारणारे भेटतात. चाक बोल्टांवर लटकलेलं नसतं, चाक आणि हब (ज्यावर चाक बसतं तो गाडीकडचा भाग) एकमेकांवर दाबून बसलेले असतात आणि त्या दाबामुळे होणारं घर्षण चाकाला धरून ठेवतं, बोल्टचं काम तो दाब देणं. बोल्ट ताणला जातो आणि स्प्रिंगसारखा परत आत ओढत राहतो, पण मर्यादेबाहेर ताणला तर तो परत येत नाही, लांबच राहतो, आटे जातात, आणि मग घट्ट दिसणारा नट आतून सैल असतो. वर असमान आवळल्याने डिस्क किंचित वाकडी बसते आणि थोड्या दिवसांनी ब्रेक मारला की पायाला धडधड लागते, ती कशामुळे ते मग कुणालाच कळत नाही, डिस्क बदलून मोकळे होतात. कमी आवळलं तर काय होतं ते सांगायची गरज नाही.

म्हणून टॉर्क रेंच, म्हणजे ठरवलेल्या आकड्याला क्लिक करणारा पाना. घरी हे काम करायचं असेल तर दुसरं काही नसलं तरी चालेल पण टॉर्क रेंच हवाच असं माझं मत आहे, भारी जॅकच्या आधी तो घ्या. आणि तो वापरायची रीत अशी की नट आधी हाताने, नुसत्या बोटांनी, पूर्ण आत जाईपर्यंत फिरवायचे, पहिल्या फेऱ्यातच अडकला तर आटा तिरका बसतोय, काढून परत लावायचा. निमुळती बाजू चाकाकडे (ज्यांना चपटे वॉशरवाले नट असतात त्यांचं वेगळं, जे मूळ आलेत तेच वापरायचे). मग समोरासमोर अशा क्रमाने हलकेच आवळून गाडी जमिनीवर घ्यायची, पाच नट असतील तर एक सोडून एक, शेजारी शेजारी गेलं तर चाक एका बाजूने तिरकं बसतं. आणि शेवटचा टॉर्क चाक जमिनीवर टेकल्यावर, क्लिक आला की थांबायचं. दोनदा-तीनदा क्लिक करत बसायचं नाही, प्रत्येक वेळी थोडं थोडं जास्त आवळलं जातं. आट्यांना तेल, ग्रीस काही लावू नका, खूप जणांना मोह होतो, पण मॅन्युअलचा आकडा सहसा कोरड्या आट्यांसाठी असतो आणि तेल लावलं की घर्षण कमी होऊन त्याच आकड्याला बोल्ट खूप जास्त ताणला जातो. ५० ते १०० किलोमीटर चालवल्यावर परत एकदा टॉर्क तपासायचा.

चाक हबला गंजून चिकटलेलं असेल तर नट दोन आट्यांवर तसेच राहू द्या आणि टायरच्या रबरावर पायाने टोले द्या, एकदा वरच्या बाजूला, एकदा खालच्या, निघतं. निघाल्यावर हबचा आणि चाकाचा जिथे पत्रा पत्र्याला लागतो तो भाग तारेच्या ब्रशने घासून घ्या. गंजाचे पोपडे मधे राहिले तर आज बरोबर आवळलेला नट पोपडा चुरला की सैल होतो.

एवढं सगळं करून मिळतं काय, तर लेखात लिहिलंय की टायर सारखे घासतात आणि जास्त चालतात. ते आहेच. पण माझ्या मते खरा फायदा असा की टायर हातात येतो. गाडीला लावलेला असताना आपल्याला फक्त त्याची बाहेरची कड दिसते, आणि अलाइनमेंट (चाकांचे कोन) बिघडलेली असेल तर बऱ्याचदा आतली कड जाते. बाहेरून नवाकोरा दिसणारा टायर काढून फिरवला की आतल्या बाजूला तारा दिसायला लागलेल्या असतात, आणि असा टायर कधीही फुटू शकतो. तेव्हा काढलेला टायर उभा धरायचा, पूर्ण एक फेरा फिरवायचा आणि तळहात नक्षीवरून आडवा फिरवायचा, आधी आतून बाहेर मग बाहेरून आत. एका दिशेने हात गुळगुळीत जातो आणि दुसऱ्या दिशेने करवतीसारखं टोचतं, तर चाकांचा टो (वरून बघितलं तर चाकं किती आत किंवा बाहेर वळलेली आहेत ते) बिघडलाय. मधला पट्टा गेलाय आणि कडा शिल्लक आहेत, तर हवा जास्त भरताय. दोन्ही कडा गेल्यात आणि मधे नक्षी आहे, तर हवा कमी. जागोजागी वाट्यांसारखे खळगे पडलेत तर शॉक ॲब्सॉर्बर किंवा बॅलन्सिंग बघायला घ्या. आणि खाचांच्या तळाशी आडव्या बारीक पट्ट्या असतात, १.६ मिलीमीटर उंचीच्या, नक्षी त्यांच्या बरोबरीला आली की टायर संपला, मग तो चार जागांपैकी कुठेही लावा, काही उपयोग नाही.

इथे लेखातल्या एका वाक्याला माझा सरळ विरोध आहे, "असमान घासलेले टायर रोटेशनने दुरुस्त होतात". नाही होत. रोटेशन घासणं वाटून देतं, कारण तसंच राहतं. अलाइनमेंट बिघडलेल्या गाडीचे टायर फिरवत राहिलात तर एका टायरऐवजी चारही जातील. निदानाला मात्र रोटेशन चांगलं. गाडी एका बाजूला ओढत असेल आणि पुढच्या टायरांच्या जागा बदलल्यावर ओढायची बाजू बदलली किंवा ओढणं थांबलं, तर दोष टायरचा. तशीच ओढत राहिली तर अलाइनमेंट किंवा ब्रेक बघा. उगाच अलाइनमेंट परत परत करून घेणारे लोक असतात त्यांनी हे आधी करावं.

अजून एक, हे फार उशिरा करू नका. साधारण ८ ते १० हजार किलोमीटरला करायचं, तुमच्या मॅन्युअलमध्ये वेगळं असेल तर तसं. वेळेवर केलं तर पुढच्या मागच्यात एक-दीड मिलीमीटरचा फरक असतो, बदलले तरी गाडीला कळत नाही. पण वर्षानुवर्षं केलं नाही आणि पुढे ३ मिलीमीटर, मागे ७ असं झालं, आणि मग लेख वाचून उत्साहाने झिजलेले टायर मागे टाकले, तर ओल्या रस्त्यावर वळणात मागचा भाग आधी सुटतो. पुढचा भाग सुटला तर ॲक्सिलरेटर सोडला की बहुतेक वेळा गाडी सावरते, मागचा सुटला तर गाडी फिरते आणि साध्या ड्रायव्हरला ती सावरत नाही. म्हणून दोनच टायर नवे घेतले तर ते मागे लावायला सांगतात, गाडी कुठल्याही चाकांच्या ताकदीची असो. एवढा फरक पडलेला असेल तर फिरवण्याची वेळ निघून गेली, पुढची जोडी बदलण्याचं बघा.

सगळं झाल्यावर हवा. बऱ्याच गाड्यांत पुढच्या मागच्या टायरना वेगवेगळी हवा असते, टायर जागा बदलतात पण हवेचा आकडा जागेचा असतो, तो सहसा ड्रायव्हरच्या दाराजवळच्या स्टिकरवर लिहिलेला असतो, आणि टायर थंड असताना मोजायचा. साइडवॉलवर लिहिलेला असतो तो कमाल, तो भरायचा नाही. प्रेशर मॉनिटर असलेल्या गाडीत तो रीसेट करायचा किंवा चाकांची जागा परत शिकवायची. पहिले काही दिवस टायरचा आवाज थोडा वाढलेला वाटू शकतो, नक्षीचे तुकडे आधीच्या जागेप्रमाणे घासलेले असतात, तो आवाज मग कमी होतो.

राहिलं ते "मेकॅनिकचं काम" म्हणणारं पत्र. ज्यांच्याकडे सपाट जागा नाही, कंबर साथ देत नाही किंवा स्टँड आणि टॉर्क रेंच घ्यायचा नाहीये त्यांनी खुशाल बाहेरून करून घ्यावं, त्यात कमीपणा काय. फक्त तिथे उभं राहून बघावं की हवेच्या गनने नट घट्ट केल्यावर कुणी टॉर्क रेंच हातात घेतंय का, नसेल तर मागून घ्यावा, मागितल्यावर बऱ्याचदा कपाटातून निघतो. आणि निघण्याआधी तिथेच डिक्कीतला पाना काढून गाडी उभी असतानाच एक नट आपल्याला सुटतो का ते बघून घ्यावं, सुटला तर त्यांच्याकडून परत मापात आवळून घ्यायचा. नाही सुटला तर तो पंक्चर झाल्यावर रात्री रस्त्याच्या कडेलाही सुटणार नाही, तेव्हा त्यांच्याकडूनच तो ढिला करून नीट आवळून घ्यावा. लॉकवाला नट असेल तर त्याची चावी डिक्कीत परत आली का तेही तिथेच बघावं.

आपला,
एक नियमित वाचक